दोन गायींची सिड्सेल

सिड्सेलकडे दोन गायी होत्या. एक तांबडी आणि एक ठिपक्यांची. ठिपक्यांची लाथाळ होती. नवरा मासेमारीला समुद्रावर गेला तो परतला नाही, तेव्हा सिड्सेल जेमतेम तिशीची होती. आमच्या व्हेस्टरमोसे गावात दोन गायींच्या विधवेला लोक कामाला बोलवत, सल्ला विचारायला बोलवत नसत. मीही त्यातलाच. माझ्या गोठ्यात चौदा गायी होत्या आणि अंगात चौदा गायींचा माज होता. आता म्हातारपणी हे कबूल करायला माझं काय जातंय?

१८८८ साली गावानं सहकारी डेअरी काढायचं ठरवलं. सगळ्यांचं दूध एका टाकीत ओतायचं, वाफेच्या यंत्रावर साय काढायची, लोणी इंग्लंडला धाडायचं आणि उरलेलं दूध डुकरांसाठी घरी न्यायचं. इथवर कुणाची हरकत नव्हती. रविवारी चर्च सुटल्यावर शाळेत बैठक भरली आणि एकाच प्रश्नावर अडून बसली. डेअरीत कुणाला किती मतं?

चाळीस गायींचा धनी थ्योगर उठला. त्याचा आवाज नेहमीच दोन खोल्यांना पुरेल एवढा.

"त्यात विचार कसला करायचा? जेवढ्या गायी तेवढी मतं. माणसं काय मोजताय? माणसं दूध देत नाहीत!"

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

सिड्सेल मागच्या बाकावरून उठली. तिच्या लाकडी बुटांना चिखल होता. "थ्योगरमालक, माझी किटली तुमच्याच दुधात ओतणार ना?"

"मग काय वेगळी पूजा करणार तिची?"

"आणि ती आंबलेली निघाली तर?"

"तर सगळी टाकी नासेल. म्हणून तर किटल्या घासायचा नियम लिहितोय."

"म्हणजे नासवायला मी तुमच्या बरोबरीची," सिड्सेल म्हणाली. "मग ठरवायला का नाही?"

एवढं बोलून ती खाली बसली. शाळेत एकच गलका झाला. बैठक चालवणारे इव्हर मास्तर टेबल बडवून म्हणाले, "हात वर करा. माणशी एक मत, की गायीमागे एक?"

"थांबा मास्तर," थ्योगर म्हणाला, "हे हात कसे मोजणार? माणशी मोजलेत तर निकाल आधीच लागला."

"आणि गायींवर मोजले तर तुमच्या बाजूनं लागला," मास्तर म्हणाले.

पुढचा तासभर याच जागी काथ्याकूट चालला. मत कसं द्यायचं हे ठरवायला मत द्यायचं, तर ते तरी कसं द्यायचं? कॉफी गार झाली. शेवटी मास्तरांनी फळ्यावर जमलेल्या चोवीस जणांची नावं आणि प्रत्येकापुढे गायींचा आकडा लिहिला. "दोन्ही तऱ्हांनी मोजू. दोन्हीकडे एकच उत्तर आलं तर डेअरी. नाहीतर घरी जा आणि आपापलं लोणी आपापल्या चुलीपाशी घुसळा."

वीस लहान शेतकऱ्यांनी माणशी मताला हात वर केले. सिड्सेल त्यांच्यातच. त्यांच्या गायी सहासष्ट. थ्योगर आणि त्याचे दोन बडे मित्र पलीकडे, गायी अठ्ठ्याहत्तर. मी तेवढा मध्ये लोंबकळत होतो.

"लाउस्त, बघतोस काय? तुझ्या चौदा लाव माझ्या मागे," थ्योगर म्हणाला.

'मागे' हा शब्द मला झोंबला. मला एकदम दिसलं की गायी मोजायच्या ठरल्या तर मी जन्मभर त्या चाळिसांच्या शेपटाशी चालणार. आणि खरं सांगतो, सिड्सेलच्या किटलीला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मघाच्या हसण्याची मला लाज वाटली. मी माणशी मताला हात वर केला.

मास्तरांनी बेरीज केली. माणसं एकवीस विरुद्ध तीन. गायी ऐंशी विरुद्ध अठ्ठ्याहत्तर.

"दोन गायींचा फरक," मास्तर म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या.

थ्योगरचा मित्र व्हिस्ती तणतणत उठला. "चला, माणशी तर माणशी. पण बाईमाणूस कसं धरता त्यात? देशाच्या निवडणुकीत बाईला मत नाही!"

सिड्सेल बसल्या जागेवरूनच म्हणाली, "व्हिस्ती, दुपारभर तुम्ही एकशे अठ्ठावन्न बायकांची मतं मोजायला तयार होतात. सगळ्या गोठ्यातल्या. त्यात आणखी एक वाढली तर एवढं पोटात दुखायला काय झालं?"

मास्तरांच्या हातातला खडू पडला. छप्पर उडेल एवढा हशा पिकला. थ्योगर मात्र हसला नाही. त्यानं टोपी चढवली आणि म्हणाला, "लिहा मास्तर, तिचं एक. हिच्याशी वाद घालण्यापेक्षा हिच्या त्या ठिपक्यांच्या गायीची लाथ परवडली."

पुढची तीस वर्षं सिड्सेलनं एक बैठक चुकवली नाही. सलगमचे कंद खाल्लेल्या गायींच्या दुधानं लोण्याला वास येतो, म्हणून तसं दूध परत पाठवायचा नियम तिनंच मंजूर करून घेतला. पहिल्या आठवड्यात थ्योगरचं दूध परत गेलं, दुसऱ्यात माझं. मी तिला घरी बसून मनसोक्त शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी सलगम बंद केले.

मग देशालाही शहाणपण सुचलं. १९१८च्या निवडणुकीत बायका पहिल्यांदा मत द्यायला आल्या. मतदान त्याच शाळेत होतं. सिड्सेल साठीची, डोक्याला पांढरा रुमाल बांधून रांगेत उभी. तिच्या मागे काठी टेकत थ्योगर आणि त्याच्या मागे मी. शहरातून आलेल्या कारकुनानं तिला कागद दिला, फुली कुठे मारायची ते दोनदा सांगितलं, पडदा दाखवला. सिड्सेलनं कागद डाव्या हातात धरला आणि तिथेच उभं राहून उजवा हात सरळ वर केला.

"आजी, हात खाली घ्या. इथे मत गुप्त असतं."

"गुप्त? का? मी काय चोरी करतेय?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. थ्योगरनं काठी जमिनीवर आपटली. आवाज अजून दोन खोल्यांना पुरेल असाच होता.

"ए साहेब, तीस वर्षं हा हात आम्ही मोजतोय. तू पण एकदा मोज, मग जाईल ती आत."

कारकुनानं त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे. कुणीच हसत नव्हतं.

"एक," तो म्हणाला.

तेव्हा कुठे सिड्सेलनं हात खाली घेतला आणि ती पडद्याआड गेली.