मुलाच्या खोलीतला उजेड

पुंडलिकनगरच्या आमच्या घरात एसी एकाच खोलीत आहे, मुलाच्या. तो बेंगळुरूला गेल्यापासून ती बंदच असायची. उन्हाळ्यात आपल्याकडे भिंतीसुद्धा तापतात आणि मी वाढवायला घेतलेल्या औषधी अळंबीला गारवा हवा. म्हणून भातावर बुरशी लावलेल्या काचेच्या बरण्या मी त्याच्या खोलीत नेल्या.

त्याला हे पटलं नव्हतं. "आई, फ्लॅट विकू, तू इकडं ये. या वयात बुरशी कसली वाढवतेस?" हे त्याचं नेहमीचंच. एकदा वैतागून म्हटलं, "ही खेप फसली तर येते." बोलून बसले खरी, पण मला जायचं नव्हतं. तिथं उंच मजल्यावर दिवसभर कुणाशी बोलायचं? इथंही कुणी बोलत नाही म्हणा, पण भिंती तरी ओळखीच्या.

जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. "बुरशीला उजेड लागत नाही" हे वाक्य मी झोपेतही फळ्यावर लिहीन. तेव्हा खिडकीला जाड चादर लावली आणि निवांत झाले. हे गेल्यापासून तिन्हीसांजेला घरभर दिवे लावणंही मी सोडलं होतं. एकटीला स्वयंपाकघरातला एक पुरे. अंधार बरण्यांना चालतो आणि मलाही, असं मी धरून चालले होते.

भातावर पांढरं जाळं छान धरलं, पण कोंब आले ते फिकट, आजाऱ्यासारखे. माझी एक जुनी विद्यार्थिनी प्रयोगशाळेत काम करते. एका बरणीतले कोंब तपासून ती म्हणाली, "बाई, यात औषधी द्रव्य नावालाच आहे. जाळं धरेपर्यंत अंधार ठीक, पुढं उजेड द्या. मग ती केशरी होते आणि द्रव्यही वाढतं. बुरशी तीच, भातही तोच."

"पण उजेड काही तिचं अन्न नाही," मी हट्टानं म्हटलं.

"अन्न नाही. पण आपण उघड्यावर आलोय, हे तिला उजेडानंच कळतं."

मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. घरी येऊन चादर ओढून काढली आणि ट्यूब लावली.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात समोरच्या घरातल्या काकू, मूळच्या पाचोडच्या. हातात झाकलेली ताटली.

"खोलीत लाइट दिसला. पोरगं आलं व्हय? म्हटलं, गरम थालीपीठं द्यावीत."

"नाही हो. अळंबी लावलीय तिथं."

त्या घुटमळल्या. मग ताटली माझ्या हातात देत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, तुमी खा. लई दिसांनी उजेड दिसला."

दार लावून मी तिथंच रडले. तो आलेला नाही हे मला रोजच माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

हळूहळू बरण्या केशरी होत गेल्या. कोंब काढून वाळवले आणि विद्यार्थिनीकडं पाठवले. द्रव्य चांगलं उतरलंय, असा तिचा फोन आला. मी लगेच मुलाला कळवलं.

"अरे वा! म्हणजे तू आता तिथंच राहणार ना?" तो इतक्या चटकन म्हणाला, की त्याचा सुटकेचा श्वास मला स्पष्ट ऐकू आला.

"हो," मी म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा दिवेलागण झाली होती. बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या, उजेड आता कुणालाच नको होता. मी त्याच्या खोलीत गेले आणि दिवा लावला.