आधी हात पाहा

लांबपोळी आत्या ओरडली की रायपूरच्या कडेच्या बीरगांवच्या फॅक्टरीतले कामगार शिफ्ट सुटली समजून डबे उचलायचे, असं मी आजवर भेटेल त्याला सांगितलंय आणि एकानेही मला खोटारडा म्हटलेलं नाही. ज्यांनी तिला ऐकलंय ते नुसती मान हलवतात. ज्यांनी ऐकलेलं नाही, त्यांना वाटतं ही अजून जवळपास असेल, उगाच कशाला बोला. रागात तिला हिंदी सुचत नसे, आणि राग सोडून ती कधी नसेच. त्यामुळे भाजीवाल्यापासून बिजलीवाल्यापर्यंत आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, प्रत्येक माणूस तिच्या शिव्या खाऊन मराठी शिकला.

ती कोणाचीच सख्खी आत्या नव्हती. नवरा रेल्वेत होता, तो गेला. पोरगी नागपूरला दिलेली. उरलं एक पालथं मडकं. खाली जाळ, वर मडकं, आणि त्यावर लांब पोळ्या. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: कणीक इतकी सैल की परातीतून पळून जाईल. आत्या तिचा गोळा दोन्ही हातांवर घेऊन झुलवी, झुलवता झुलवता ती कणीक तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत उतरे, आणि मग एका झटक्यात मडक्यावर. पोळी इतकी पातळ की पलीकडे बसलेल्याचा चेहरा ओळखू यावा, आणि इतकी लांब की एक टोक ताटात नि दुसरं शेजाऱ्याच्या. रायपुरात मराठी घरचं लग्न असलं की मुहूर्त भटजीला नंतर विचारत, आधी आत्याला.

आणि त्याच हातांवर घाला पडला. सकाळी उठली की मुठी मिटलेल्या, उघडायच्याच नाहीत. सांधे टम्म सुजलेले. गरम पाण्यात बुडवून बुडवून दुपारपर्यंत कशीबशी बोटं सुटायची. आमच्या लोकांची एक पक्की खोड आहे: काहीही दुखलं की ‘वात आहे’ म्हणायचं, आणि वात म्हटलं की हाडांच्या डॉक्टरकडे धावायचं. आत्याही धावली. एक म्हणाला उमर आहे. दुसरा म्हणाला पाण्यात हात घालू नका. म्हणजे माशाला सांगण्यासारखंच. शेवटी एका औषधाच्या दुकानदाराने तिची बोटं पाहिली आणि सांगितलं, हे हाडांचं दुखणं नाही, याचा डॉक्टर वेगळा असतो, सांध्यांच्या वाताचा.

छत्तीसगढची राजधानी म्हणून रायपूर तेव्हा नवं नवं होतं. जिथे काल धान पेरत होते तिथे काचेचे दवाखाने उगवले होते, आणि प्रत्येकावर नवरीच्या कपाळावरच्या मळवटासारखी मोठी पाटी: सरकारी कार्ड इथे चालतं. आत्यापाशी ते फुकट इलाजाचं कार्ड होतं. पारा अख्खा रांगेत उभा राहिला होता त्या कार्डासाठी. फोटोतही ती अशी रागावलेली की कॅमेरावाला दुसरा काढायला धजला नसावा. मी स्कूटर काढली, आत्या मागे बसली, आणि आम्ही निघालो.

पहिल्या काचमहालात सांध्यांचा डॉक्टर नव्हताच. हाडांचा होता. त्याने कार्ड पाहिलं, डोळे चमकले. “माताजी, दोनों घुटने बदल देते हैं. पैकेज में है.”

“घुटने?” आत्याने पदराखालचे हात बाहेर काढून त्याच्या टेबलावर आपटले. “दुखून राहिले हात, अन् कापून राहिला गुडघे! उद्या माहे डोये दुखले तं नाक कापशीन काय रे?”

तिथली काच तडकली असं मी म्हणणार नाही. पण नंतर बदलली हे खरं आहे.

मग समजलं की समता कॉलनीत खरोखरचा सांध्यांचा डॉक्टर बसतो. आणि नाव ऐकून आम्ही दोघंही उडालो: अरे, हा तर आपला मराठी माणूस! आपल्या लग्नांतून हिंडणारा, आत्याच्या पोळ्या हादडणारा! आत्या त्या दिवशी नवी साडी नेसली. काउंटरवर एक गोड पोरगी बसली होती.

“दीदी, कार्ड तो ओपीडी में नहीं चलता. भर्ती होंगे तो चलेगा.”

“तं कर भरती.”

“पर भर्ती तो डॉक्टर साहब लिखेंगे ना.”

“तं भेटव डॉक्टरले.”

“भेटने की फीस कैश लगेगी. कार्ड ओपीडी में नहीं चलता.”

म्हणजे गोल गोल. झोपलात तर कार्ड चालेल, पण झोपण्यासारखं तुम्हाला काही झालेलं नाही. गोळ्या घ्यायच्या आहेत, त्याही वर्षानुवर्षं. त्यासाठी कार्ड नाही. कापून घ्या, कार्ड आहे. माझं डोकं तापलं. तरी पोरगी भली होती, म्हणाली, कार्ड चालू आहे का एवढं तरी पाहू, मशीनवर अंगठा ठेवा. आत्याचा अंगठा सरळ होईना. पोरीने तो धरून दाबला. मशीन लाल. परत दाबला, परत लाल. सांध्यात वाकडा झालेला अंगठा, आणि पुढची चामडी मडक्यावर भाजून भाजून गुळगुळीत. रेघ कुठली राहायला?

“अंगूठा नहीं आ रहा, दीदी.”

“येईन कसा?” आत्या गरजली. “त्याच्यासाठीच तं आली मी! आधी हात पाहा ना बाई! मशीनले अंगठा पाह्यजे, तुले कार्ड पाह्यजे, हात कोनाले पाह्यजे?”

आमच्या मागे बीरगांवची एक बाई उभी होती, फॅक्टरीत काम करणारी. तिने आपले दोन्ही हात हळूच वर केले. बोटं तशीच, मुळांसारखी. “हव दीदी,” ती म्हणाली, “मोर हाथ घलो अइसने हे.” म्हणजे, ‘माझेही हात असेच.’ आत्याने तिचं बीरगांवातलं घर विचारून घेतलं, आणि रोख फीपाशी अडून आम्ही डॉक्टरला न भेटताच परतलो.

काउंटरच्या अशाच फेऱ्या मारता मारता पुढची लग्नसराई आली. जवळच्या अभनपूरला लग्न होतं. आत्याने सकाळपासून हात शेकले आणि पोळ्या टाकल्या. तीन पोळ्यांमागे एक फाटत होती. फाटलेली ती स्वतःच्या मांडीखाली लपवत होती. पंगतीत डॉक्टर बसलेले. रस्सा ओरपत त्यांनी नेहमीसारखी आरोळी दिली, “वा आत्या! हातात जादू आहे तुमच्या!”

आत्या उठली. कोपरापर्यंत कणीक माखलेले हात घेऊन पंगतीतून चालत गेली आणि त्यांच्या ताटावर धरले. “पाहा जादू.”

डॉक्टरांचा घास थांबला. त्यांनी बोटं चाचपली, मनगट वळवलं. चेहरा उतरला. “अहो, हे आधी का नाही दाखवलं?”

यावर आत्या जे ओरडली ते छापण्यासारखं नाही. वाजंत्री थांबली. नवरदेवाने मुंडावळ्या सावरल्या. शेवटचं तेवढं सांगतो: “तुमच्या दाराशी उभी होती मी! पोया तुमच्या पोटापर्यंत पोचल्या, मी तुमच्या खोलीपर्यंत नाही पोचली!”

“उद्या या,” डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. “तुमच्याकडून फी कसली घ्यायची?”

“माह्यावाली सोडसान. मले पोया येतात म्हून. बीरगांवच्या त्या बाईले नाही येत, तिची कोन सोडीन? मले भीक नोको, माहं कार्ड चालवा.”

“ते माझ्या हातात नाही हो आत्या.”

“मंग काय हाय तुमच्या हातात? तुमचे तं सरळ हायत ना?”

डॉक्टर पोळी तशीच ठेवून उठले. मी तेव्हाही त्यांची कीव केली नाही, आज करावी असंही वाटत नाही.

दोघींना पाहिलं त्यांनी, फुकट. आत्याने बीरगांवहून त्या बाईला ओढूनच आणलं आणि तिला आधी आत ढकललं. त्या बाईचं दुखणं वेळेत सापडलं. तिची बोटं पुष्कळ सुटली, ती कामावर राहिली. आत्याला डॉक्टर म्हणाले, आता पुढे वाढणार नाही, पण जे वाकलं ते वाकलं. काउंटरच्या गोल गोल फेऱ्यांत जो काळ गेला, त्यात बोटं गेली.

एका दिवाळीआधी तिने मडकं माझ्या दारात आणून ठेवलं. मला शिकवायचा चंगच बांधला. मी कणीक झुलवली की ती कोपरावरून थेट माझ्या चपलेवर उतरे, आणि आत्या खुर्चीवरून, “काहून रे पोट्ट्या, पोई टाकून राहिला का जाळं फेकून राहिला!” तिचे हात मांडीवर मिटलेले असत, पण माझी कणीक झुलली की तिचे खांदे आपोआप झुलत. ते मला पाहवत नसे.

मग पोरगी तिला नागपूरला घेऊन चालली. मी स्टेशनवर गेलो. टीसीने ओळखपत्र मागितलं. आत्याने दोन मुठींच्या मध्ये धरून ते कार्ड पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, तिचं तोंड पाहिलं, घाईघाईने मान डोलावली आणि पुढे सरकला.

“पाह्यलं?” आत्या डब्यातून ओरडली, फलाटभर. “चाललं! कार्ड चाललं माहं!”

गाडी हलली. तिने खिडकीतून हात काढला. बोटं उघडत नव्हती, त्यामुळे हलली ती मूठच. फलाटावरच्या लोकांना वाटलं, बाई आपल्या शहराला धमकावून राहिली. मी कोणाची समजूत काढली नाही. त्यांना बरोबरच वाटलं होतं.