मान खाली घातली की सापडणारी वाट

फिलोमेन लहान असताना दोन तळ्यांमधल्या रानवाटेवर तिच्या आईबापांचं भांडण जुंपलं. ती झऱ्यावर किटली भरत होती, तिथनं तिनं सगळं ऐकलं. बाप इझिडोर उलटी होडी डोक्यावर घेऊन पुढे, आई पाठीवरच्या पिठाच्या पोत्याचा पट्टा कपाळाला लावून मागे. मधे मूस हरणाचं ताजं शेण, अजून वाफाळणारं.

“एवढं दांडगं जनावर वाटेतनं गेलं, अन् तुला दिसलं नाही?” आई म्हणाली.

“डोक्यावर होडी आहे माझ्या! मला फक्त माझे पाय दिसतात. तू काय करत होतीस?”

“मी तुझ्या टाचा बघत होते. लग्न झाल्यापासनं तेच बघतेय.”

हिवाळाभर पुरलं असतं एवढं मांस असं पाण्यात उतरून गेलं. पुढे फिलोमेनच्याही कपाळाला पट्टा आला. वाकून ओझं नेता नेता ती बाईची आजी झाली, पण उन्हाळ्यात ब्लूबेरी वेचायला त्याच वाटेनं पलीकडच्या तळ्यावर जाणं सुटलं नाही. सुटलं ते गुडघ्यांपायी.

मग एका वादळानं अर्धं रान आडवं केलं. वाट दाखवणाऱ्या झाडांवरच्या कुऱ्हाडीच्या खुणाही गेल्या. नात नोरीन आणि तिचा नवरा आल्फी करवत आणि आजीच्या जुन्या पट्ट्याचं सामानाचं पोतं घेऊन निघाले. नोरीन म्हणाली, “आजी, तू नुसती वाट दाखव. सापडली तर मोकळी करू, नाहीतर सोडून देऊ. ट्रकनं जाता येईल अशी दुसरी जागा आहे बेरींची.”

हे ‘सोडून देऊ’ तिला कुसळासारखं टोचलं. पण दाखवायला गेली आणि पाऊणएक तासात तिघंही दलदलीत! ती मोकळ्या हातानं, मान वर करून चालत होती. पाइनची ही झाडं तिनं जन्मात पाहिली नव्हती.

आल्फी डास मारत राहिला. नोरीन हळूच म्हणाली, “राहू दे ना आजी. चहा घेऊ, परत जाऊ.”

आजीला रडू यायचं, तर हसूच आलं. आई बघायची त्या बापाच्या टाचा तिला आठवल्या होत्या.

“झऱ्यापर्यंत मागे चला. अन् ते पोतं दे इकडे.”

“वेडी झालीस? गुडघे बघ तुझे!”

“गुडघ्यानं नाही गं, कपाळानं उचलायचंय.”

अर्धं सामान काढून पोतं हलकं केलं. पट्टा कपाळावर बसला, मान आपोआप खाली गेली, आणि पायांपुढे वाट आली. तळव्यांनी गुळगुळीत झालेलं मूळ. दुभंगलेला दगड. “इथं बाबा घसरायचे, दर वेळी, आणि दर वेळी त्याच शिव्या!” ती चालत गेली, आल्फी मागनं झाडांवर खुणा करत गेला.

“आजी, वर तरी बघ, केवढी उंच झाडं आहेत!”

“नको बाई. परत चुकेन.”

पडलेल्या खोडांना वळसे घालत ती अशीच वाकून गेली, ती पलीकडचं पाणी डोळ्यांपुढे चमकेपर्यंत. आल्फी करवतीला धार लावायला बसला. उद्यापासून आडवी खोडं कापायची. मग दगडांच्या चुलीवर तळलेला मासा, रोटी, कडक चहा.

त्यानंतर फिलोमेन त्या वाटेवर आली नाही, हिवाळ्यात अंथरुणातच गेली. पण त्या दिवशी निघताना तिनं चुलीशेजारी सुक्या काटक्या आणि बर्चची साल रचली, वर गंजका डबा पालथा घातला.

“आजी, चल ना, वारा उठतोय!”

“आले रे. मागनं येणाऱ्याला ओली काडी मिळायला नको.” असं म्हणून तिनं डब्यावर दगड ठेवला.