नऊ प्राध्यापक आणि हलणाऱ्या भिंती

"माझी खोली कुठंय?" बिल्डिंग कमिटीचे अध्यक्ष ड्रॉइंगवर बोट फिरवत म्हणाले. "टॉयलेट सापडलं. जिना सापडला. मी कुठं बसणार?"

"तुम्ही कुठंही बसू शकता, सर," मी म्हणाले.

उत्तर चुकलं. उरलेले आठ प्राध्यापकही लगेच आपापली खोली शोधायला लागले.

मी आर्किटेक्ट आहे. पेणला एका छोट्या ऑफिसात काम करते. रोह्याजवळ विद्यापीठाचं संशोधन केंद्र बांधायचं काम आमच्याकडे आलं होतं. माती, पाणी, खाऱ्या जमिनीतलं भात हे तिथले विषय. तोवर सगळा कारभार भाड्याच्या एका बंगल्यात चालायचा. भाताच्या बियाण्यावर काम करणाऱ्या सावंत मॅडमनी मशीन आत घ्यायला तिथली भिंत दोनदा फोडून घेतली होती. तिसऱ्या वेळी घरमालक अडून बसला, म्हणून तिसरं मशीन व्हरांड्यात ताडपत्रीखाली पडून होतं. नवी इमारतही तशीच झाली असती, तर मॅडमचं काम कायमचं ताडपत्रीखाली गेलं असतं.

विद्यापीठाने कागदावर दोन शब्द लिहून दिले होते, सस्टेनेबल आणि फ्लेक्सिबल. पहिल्याचा अर्थ, इमारतीने वीज-पाणी कमी खावं आणि आपल्या सावलीवर, आपल्या वाऱ्यावर जगावं. दुसऱ्याचा अर्थ, आज माती तपासायची तिथं उद्या भात वाढवता यावं, तेही गवंडी न बोलावता. हल्ली हे शब्द सगळेच लिहितात. मग काचेचा डबा उभारतात, आत एसी कोंबतात आणि दारात एक कुंडी ठेवतात. झाली सस्टेनेबल! मला याची चीड येते. कॉलेजात असताना मी झाडतोडीविरुद्ध पत्रकं लिहून वडखळ नाक्यावर वाटायचे. ती सवय सुटलेली नाही. माझी पहिलीच स्लाइड होती, 'एसी म्हणजे आळशी डिझाइन!' आणि आम्ही बसलो होतो तिथं दोन एसी चालू होते.

अध्यक्षांनी फाइल मिटली. "पंधरा दिवसांनी या. खोल्या काढून आणा. नाहीतर आपला टाइप प्लॅन आहेच."

टाइप प्लॅन म्हणजे आधीच काढून ठेवलेलं ड्रॉइंग. मधे बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. भर दुपारी बोळात ट्यूबलाइट. कुठंही बांधा, सारखाच वाईट.

परत येताना खांब गाव येईपर्यंत माझे बॉस पाटकर सर गाडीत ड्रॉइंगच चाळत होते. मग म्हणाले, "ड्रॉइंग चांगलं आहे. तोंड वाईट आहे."

"तोंड तुमच्याच ऑफिसचं आहे, सर."

"म्हणून तर मेलो."

मी पेणला गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर राहते. खाली बाळाकाकांचा कारखाना. त्या संध्याकाळी मूर्ती ओतायचं काम संपवून रंगकाम लावायचं होतं. आठ माणसांनी साचे भिंतीकडे ढकलले, बांबू सोडले, फळ्यांचे रॅक मधे आणून पुन्हा बांधले. चहा उकळेपर्यंत ओतकामाची जागा रंगाची झाली. मी जिन्यावर बसून बघत होते.

"काय गो, तोंड का पाडलंस?" काकांनी विचारलं.

"काका, तुमच्या वायरी वरून का लोंबतात?"

"मग काय खाली ठेवू? जमिनीवर वायर ठेवली की पायात येतं. पायात आलं की गणपती गेला. वीज वरून, रंगाच्या गनची हवाबी वरून. खाली जे हाय ते सगळं उचलता आला पायजे."

माझ्या ड्रॉइंगमध्ये पाणी आणि वीज फरशीतून वर येत होती. म्हणजे टेबलं जिथल्या तिथं खिळलेली. फ्लेक्सिबल म्हणून मी ओरडत होते आणि सगळं खाली ठोकून ठेवलं होतं. रात्री नवं ड्रॉइंग काढलं नाही. सरळ पाटकर सरांना फोन केला, "कमिटीला पेणला आणा."

नऊ प्राध्यापक कारखान्यात आले. सावंत मॅडमना सांगावं लागलं नाही. त्या वरच्या वायरी बघतच राहिल्या. "माझं मशीन असं वरून जोडता येईल?"

"वीज, पाणी, गॅस, सगळं छतातून," मी म्हणाले. "टेबलं चाकांवर. भिंती बोल्टच्या, काढून दुसरीकडे लावायच्या. दार तुमच्या सगळ्यात मोठ्या मशीनएवढं. एसी फक्त मशीनच्या पट्ट्यात, बाकी आरपार वारा."

अध्यक्ष मात्र एका कोपऱ्यात थांबले होते. तिथं उत्तरेच्या खिडकीशी एक म्हातारे कारागीर मूर्तीचे डोळे काढत बसले होते. याला इथं आखणी म्हणतात. अध्यक्ष मला ऐकू जाईल असं म्हणाले, "आता यांना कुठं हलवणार?"

"त्याला नाय हलवायचा," बाळाकाका म्हणाले. "त्याचा हात ह्या उजेडाला बसलाय. बाकी अख्खा कारखाना फिरवा, हा कोपरा त्याचाच."

मागे न बघता म्हातारबाबा म्हणाले, "सायेब, उजेड सोडा."

अध्यक्ष मुकाट्याने सरकले. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच ते आपल्या जागेवरून हलले होते.

बाहेर चहा घेताना ते माझ्याशी हळू आवाजात बोलले. "नोकरीला लागल्यापासून मी स्टाफरूमच्या गोंगाटात लिहितोय. मला मोठी केबिन नको. दार लावता येईल असा कोपरा हवा."

"हे मीटिंगमध्ये का नाही सांगितलं, सर?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तर घोषणा देत होतात."

मी वही काढली आणि बाकीच्या आठ जणांनाही काय हवं ते विचारलं.

मग उत्तरेच्या बाजूला, खोल पडवीच्या सावलीत नऊ छोट्या पक्क्या खोल्या काढल्या. एक टेबल, दोन खुर्च्या, एक खिडकी. एसी नाही. उरलेला मोठा हॉल सगळ्यांचा आणि सगळाच हलणारा.

"दारावर नावाची पाटी चालेल?" अध्यक्षांनी सही करताना विचारलं.

"लावा, सर. पाटी वीज खात नाही."

इमारत उभी राहिली. सावंत मॅडमनी हॉलची मांडणी आतापर्यंत दोनदा बदलली, दोन्ही वेळा गवंड्याशिवाय. अध्यक्ष दुपारी दार लावून लिहीत बसतात. लिहितात की झोपतात, ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

आमच्या धंद्यात येणाऱ्या नव्या पोरापोरींना मी आता एवढंच सांगते: काय काय हलवता येईल ते दाखवायच्या आधी, कुणाला काय हलवलेलं चालणार नाही ते विचारा. आणि स्लाइडवर उद्गारचिन्ह टाकू नका. मी अजून टाकते, पण पाटकर सर खोडतात.