झडपेच्या दांड्यावरची चार बोटं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटातलं तिला सगळं कळतं, असा तिचा दावा आहे.

आधी गोविंदनानांबद्दल सांगतो. मुद्दा टाळतोय असं वाटेल तुम्हाला. टाळतोयच थोडा. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. दिघीच्या खाडीवर वाफेच्या लाँची दुरुस्त करायचा एक कारखाना होता. मी तिथे फिटर, नाना आमचे मिस्त्री. लाँचच्या इंजिनात झडपेचा पोलादी दांडा असतो. वाफेच्या धगीत त्यावरचं तेल जळून जातं; मग तो कोरडा घासतो, झिजतो आणि एक दिवस अडकून बसतो. नानांनी काय करावं? मुंबईहून आणलेल्या फवारणीच्या बंदुकीतून वितळलेल्या कांस्याचा फवारा मारून दांड्यावर लेप चढवला, आणि त्यात मिसळलं ग्रॅफाइट — शिसपेन्सिलीत असतं ते. तेलाचा थेंब नको. घासेल तितका गुळगुळीत! चौथी शिकलेला माणूस हो. मला अजून त्या डोक्याचं नवल वाटतं.

लेप धरावा म्हणून पोलाद आधी वाळूच्या माऱ्याने खरखरीत करायचं. त्यानंतर त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, हे नानांचं सोवळं; बोटांचं तेल लागलं तर तिथे लेप धरत नाही म्हणायचे. आम्ही राखेने हात धुऊन धुतलेल्या फडक्यात दांडा धरायचो, आणि मागून नानांना हसायचो.

कारखान्याच्या साहेबांनी त्यांना चाचणीला एकच लाँच दिली होती. लेप टिकला तर पुढचं सगळं काम नानांच्या रीतीने. नाहीतर बंदूक परत मुंबईला.

तिचा दांडा लेपाला घ्यायच्या दिवशीच तळा गावी बायकोचं डोहाळजेवण होतं. मी दुपारीच डोक्याला खोबरेल चोपडलं, भांग पाडला — आणि फडकं शोधायचा कंटाळा केला. तेलकट पंजानेच दांडा उचलून नानांपुढे ठेवला. चूक? हो, तिथवर चूकच. पण नानांनी विचारलं, "हात न्हाय ना रं लागला?" पुन्हा वाळू मारायची तर तास गेला असता, एसटी चुकली असती. मी म्हणालो, "न्हाय नाना."

पंधरा दिवसांत लाँच भर खाडीत बंद पडली. उतारूंना होड्यांनी आणलं, सगळे सुखरूप. आम्ही दांडा बाहेर काढला. लेप घट्ट होता, तुळतुळीत — फक्त चार पट्टे सोलून निघालेले. बोटांच्या मापाचे, शेजारीशेजारी.

नानांनी दांडा फिरवून पाहिला. मग माझ्या हाताकडे पाहिलं. पायऱ्यांवर साहेबांचे बूट वाजत होते. नानांनी कानस घेतली आणि पट्ट्यांच्या मधला, टिकलेला लेपही घासून काढला; बोटांचा आकार पुसला गेला. स्वतःच्या हाताने! का? खोटं बोलणाऱ्याला साहेब त्याच दिवशी घरी पाठवत, आणि माझ्या घरी पाळणा हलणार होता. दुसरं कारण मला आजही सुचत नाही.

"माझंच मिश्रण कच्चं, सायेब," नाना म्हणाले.

मी तिथेच उभा होतो. बंदूक मुंबईला गेली. नानांनी पुन्हा कधी लेपाचा विषय काढला नाही. पुढची सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम केलं, त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली, आणि बोललो नाही.

नाना आता नाहीत. त्यांचा लेप टिकला होता. बोटं माझी होती.