चौघांचे एक आजोबा

मी वकील व्हावं असं माझ्या मनात कधी आलं ते मला सांगता येणार नाही. आजोबांच्या मनात मात्र ते मी पाळण्यात असतानाच आलं होतं. त्यांची एक केस बुऱ्हाणपूरच्या कोर्टात माझ्या जन्माआधीपासून चालू होती. बाहेरचे वकील बदलून बदलून ते कंटाळले होते, तेव्हा घरचाच एक तयार करावा असं त्यांनी ठरवलं. नात झाली म्हणून घरात कोणी नाक मुरडलं असेल तर असो, आजोबांनी तेव्हाच मला काळा कोट शिवून टाकला होता, मनातल्या मनात.

केस होती विहिरीची. बहादरपूरला आमचं आणि आजोबांच्या धाकट्या भावाचं शेत लागून आहे, मधे बांध आणि बांधाला लागून विहीर. वाटणीत विहीर धाकट्या आजोबांकडे गेली. आमच्या आजोबांचं म्हणणं, जमीन वाटली होती, पाणी कुठे वाटलं होतं? अर्धं पाणी माझं. दावा लागला आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. पुढे ती विहीर आटली. दोघांनी आपापल्या ट्यूबवेल खोदल्या, दोन्हीकडची केळी जोरात आली, विहिरीत पारवे राहायला गेले, आणि केस तशीच चालू राहिली. विहिरीत पाणी नाही मग भांडता कशाला, असं कोणी विचारलं की आजोबा म्हणत, "पानी गेलं म्हनून हक्क जातो काय?"

खरी गंमत तारखेच्या दिवशी असायची. आजोबांना मोटरसायकल चालवता येत नव्हती आणि ऑटोत बसणं त्यांना पटत नसे, कारण आमच्याकडच्या ऑटोत माणसं कोंबतात, वर कोंबड्याही असतात. मोटरसायकल होती धाकट्या आजोबांकडे. त्यामुळे पुढे प्रतिवादी आणि मागे वादी, असे दोघे एकाच गाडीवर कोर्टात जायचे. तिथे एकमेकांविरुद्ध उभे राहायचे, पुढची तारीख घ्यायचे, बाहेरच्या एकाच गाड्यावर दोन टोकांना उभे राहून कचोरी खायचे, आणि त्याच गाडीवर घरी यायचे. अबोला मोडायचा प्रश्नच नव्हता.

बारावीनंतर मी कायद्याच्या कॉलेजांची प्रवेश परीक्षा दिली आणि सपाटून आपटले. माझे वडील शाळेत मास्तर आहेत, नापास झालेल्यांशी कसं बोलायचं हे त्यांना चांगलं येतं. ते म्हणाले, "एक साल दिलं तुला. यंदा नाही जमलं तर इथंच बी.कॉम., आणि पुढे जे होतं ते होईल." आमच्याकडे मुलींचं बी.कॉम. झालं की पुढे काय होतं ते मला माहीत होतं. माझ्या चुलत बहिणीचं ते झालं होतं आणि त्याचा जाडजूड अल्बम सोफ्याशेजारी पाहुण्यांसाठी ठेवलेला होता.

म्हणून मी बुऱ्हाणपुरात क्लास लावला. क्लास पहिल्या मजल्यावर होता आणि खाली पावरलूम. यंत्रांच्या खडखडाटात सर शिकवायचे ते ओरडून, आणि उत्तरं आम्हीही ओरडूनच द्यायचो. वीज गेली की आम्ही सगळे एकदम शांततेत ओरडत असायचो. सर स्वतः वकील होते, निदान त्यांचा कोट तरी वकिलाचा होता, भिंतीवर खिळ्याला टांगलेला. तो अंगात घातलेला मी कधी पाहिला नाही.

परीक्षेत कायद्याची बुद्धी तपासणारे प्रश्न असतात. अ ने ब च्या अंगणात क चा कुत्रा सोडला, तो ड ला चावला, तर जबाबदार कोण? बाकीची मुलं हे पाठ करायची. मला त्याचं काही वाटलं नाही. अ, ब, क आणि ड आमच्याच गल्लीत राहत होते आणि कुत्राही ओळखीचा होता. यंदा परीक्षा त्यातल्या त्यात बरी गेली. बरी म्हणजे एवढी, की पुण्याच्या एका कॉलेजाने मुलाखतीला बोलावलं. एकाच. बाकी सगळीकडून नकार आला होता, त्यामुळे माझं आणि त्या अल्बमचं काय ते या एका मुलाखतीवर ठरणार होतं.

आमच्या क्लासमधून आणखी तिघांना तिथलंच बोलावणं आलं. सरांनी लगेच मुलाखतीची तालीम सुरू केली. कायदाच का, हा प्रश्न विचारणारच, असं सर म्हणाले. एक मुलगा म्हणाला, देशसेवा. एक मुलगी म्हणाली, गरिबांना न्याय. सर कपाळावर हात मारून म्हणाले, "दर्द कहां है? कहानी में दर्द डालो."

माझा नंबर आला तोवर वीज गेली होती आणि बाकीचे तिघं घरी निघून गेले होते. मी आजोबांची गोष्ट सांगितली, विहीर, अबोला, मोटरसायकल, कचोरी, सगळं. सर हसले. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ये चलेगी." मग त्यांनी ती दुरुस्त करायला घेतली. "छोटे भाई को मार दो."

मी म्हटलं, "सर, ते जिवंत आहेत. आज सकाळीच त्यांची म्हैस आमच्या शेतात घुसली होती."

"इंटरव्यू में मार दो."

मी काही त्यांना मारलं नाही. एवढं मात्र सरांनी करून घेतलं: गोष्टीत मीही होते, तर त्यांनी मला काढून टाकलं. कहानी दादाजी की है, तुम बीच में मत आओ, असं म्हणाले. मला ते लागलं, पण सरांना मुलाखतीतलं कळतं आणि मला कळत नाही असं तेव्हा वाटत होतं, म्हणून मी ती तशीच पाठ केली.

पुण्याला आम्ही चौघं आणि सोबत माझे वडील असे रेल्वेने गेलो. आईने दराब्याचा डबा दिला होता. रवा, साखर आणि तूप फेसून केलेला हा आमच्याकडचा गोड पदार्थ परीक्षा, सोयरीक, ऑपरेशन अशा कुठल्याही कामाला चालतो. रावेर मागे पडेपर्यंत आम्ही एकमेकांशी इंग्रजी बोलायची प्रॅक्टिस केली, पुढे ती इंग्रजी रावेरलाच उतरली असावी.

कॉलेजात एका थंडगार खोलीबाहेर आम्हाला बसवलं. मुलाखती आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने होत्या आणि माझं आडनाव शेवटचं. पहिला मुलगा आत जाऊन आला, मग एक मुलगी. ती बाहेर आली ती खूश होती. मी विचारलं, "क्या पूछा?"

"वही, लॉ क्यों. मैंने दादाजी वाली सुना दी."

"कुठली दादाजी वाली?"

"अरे वही यार, सर ने दी थी ना. दोन भाऊ, केस, एकाच गाडीवर कोर्टात जातात. मेरेवाले बैलगाडी से गए."

मी पहिल्या मुलाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. त्याचे आजोबा सायकलवर गेले होते. तिसरा त्या वेळी आत होता आणि त्याचे स्कूटरवर निघाले होते. सरांनी तिघांना वेगवेगळं गाठून माझीच गोष्ट दिली होती, आणि प्रत्येकाला न चुकता सांगितलं होतं, "बस, गाडी बदल लेना."

मला इतका राग आला की दराब्याचा डबा कोणाच्या डोक्यात घालावा एवढंच ठरवायचं राहिलं होतं. तिसरा बाहेर आला, आणि तिघांचंही म्हणणं, आम्हाला काय माहीत ती खरी आहे, आम्हाला वाटलं सरांनीच बनवलीय. म्हणजे माझे आजोबा, त्यांचा भाऊ, त्यांचं आयुष्यभराचं भांडण, सगळं सरांच्या नावावर जमा. मला रडू यायला लागलं, आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आत तिघं होते. दोन प्राध्यापक बाई आणि मधे एक निवृत्त न्यायाधीश. पहिलाच प्रश्न, कायदा का? मी आजोबांना दूर ठेवलं आणि सामाजिक न्यायावर इंग्रजीत सुरू झाले. एक बाई म्हणाल्या, "जरा हळू, आम्ही इथेच आहोत." पावरलूमची सवय, मी ओरडत होते.

न्यायाधीशांनी माझा फॉर्म पाहिला आणि मराठीत म्हणाले, "बुऱ्हाणपूरहून आलात ना? मग आजोबांचं सांगा की."

दोन्ही बाई खाली बघून हसू दाबायला लागल्या. न्यायाधीशांचा चेहरा गंभीर होता. "एकाचे सायकलवर गेले, एकीचे बैलगाडीत, एकाचे स्कूटरवर. तुमचे कशावर?"

मी म्हटलं, "मोटरसायकलवर."

मग तिघंही मोकळेपणाने हसले. मी तिथे बसून पाहत होते, बी.कॉम. समोर आलं, अल्बम आला, आणि मला एकाएकी वाटलं की आता जायचंच आहे तर भांडून जावं. आमच्या घराण्याला ते जमतं. मी मराठीत म्हटलं, "सर, त्या तिघांची खोटी आहे. माझी खरी आहे. गोष्ट माझीच आहे, त्यांना आमच्या सरांनी दिली."

"कशावरून?"

"तुम्ही न्यायाधीश होतात. उलटतपासणी घ्या."

त्यांनी हसणं थांबवलं आणि पेन खाली ठेवलं. "गाडी कोण चालवायचं?"

"धाकटे आजोबा. प्रतिवादी."

"बाकी तिघांचे आजोबा स्वतः चालवत होते."

"आमच्या आजोबांना येत नाही."

"बोलणं बंद होतं म्हणता. मग वाटेत थांबायचं झालं, वळायचं झालं, तर सांगायचे कसे?"

"मला सांगायचे."

"तुम्हाला? तुम्ही कुठे होतात?"

"मधे," मी म्हटलं. "दोघांना एकमेकांना टेकून बसायचं नव्हतं. म्हणून तारखेला मला शाळा बुडवून न्यायचे आणि मधे बसवायचे. सातवीपर्यंत. पुढे मी मावेनाशी झाले, तर माझ्या जागी कागदांची पिशवी ठेवायला लागले."

एक बाई म्हणाल्या, "तिघं एका गाडीवर? गुन्हा आहे तो."

"हो मॅडम. आणि जायचोही कोर्टातच."

न्यायाधीशांनी विचारलं, "काय निरोप द्यायचे?"

"आजोबा म्हणायचे, त्या गाढवाले सांग, हळू चालव. मी पुढे सांगायचे, आजोबा म्हणतात जरा हळू. धाकटे आजोबा म्हणायचे, त्या म्हाताऱ्याले सांग, पाय सायलेन्सरले लागतो तुह्या, काढ. मी मागे सांगायचे, आजोबा, पाय भाजेल. शिव्या मी गाळायचे. दोघांनाही वाटायचं, दुसरा निदान बोलतो तरी बरा. मला एवढंच काम येतं सर, लहानपणापासून. म्हणून कायदा."

हे मी काही ठरवून बोलले नव्हते. सरांनी मला गोष्टीतून काढलं होतं आणि मीही निमूट बाहेर गेले होते. पण मधे बसल्याशिवाय ती गोष्ट माझी होतच नव्हती, हे मला ती सांगता सांगता कळलं, आणि सरांवरचा राग निम्मा गेला. निम्मा अजून आहे.

न्यायाधीशांनी शेवटचं विचारलं, "बरोबर कोणाचं होतं?"

आमच्या घरात हा प्रश्न कोणी विचारत नाही. आजोबांचं बरोबर, हे आम्ही वरणभातासोबत गिळलेलं आहे. तरी मी म्हटलं, "धाकट्या आजोबांचं. विहीर त्यांच्याकडे गेली त्याच्या बदल्यात आमच्या आजोबांनी सडकेकडची जमीन घेतली होती. ती त्यांनी अजून सोडलेली नाही."

ते म्हणाले, "या आता."

घरी आल्यावर मी कोणाला काही बोलले नाही. निकाल लागला, मला सीट मिळाली. आमच्यापैकी फक्त मलाच. सरांनी क्लासखाली माझ्या फोटोचं बॅनर लावलं आणि शेजारी आपला फोटो माझ्याहून मोठा टाकला. वडिलांनी मास्तरांच्या पद्धतीने पाठ थोपटली, म्हणजे लागेल अशी. आणि आजोबांनी बहादरपुरात घरोघर दराबा वाटला. एक डबा माझ्या हातून धाकट्या आजोबांकडे पाठवला आणि वर निरोप दिला, "त्याले सांग, आता जपून राय. माही वकील येऊ रायली."

मला तो निरोप देववेना. डबा देऊन परत आले तर आजोबा ओट्यावर तयार होऊन बसले होते, टोपी, धुतलेला सदरा, मांडीवर कागदांची पिशवी. त्या दिवशी तारीख होती. त्यांनी विचारलं, "तिथं काय विचारलं तुले?"

मी सांगून टाकलं. तिघांच्या गाड्या ऐकून ते खूप हसले, बैलगाडीला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मी म्हटलं, "आजोबा, त्यांनी विचारलं बरोबर कोणाचं. मी धाकट्या आजोबांचं सांगितलं."

आजोबांनी पिशवीचा बंद सोडला आणि परत बांधला. ज्या माणसाने मला या केससाठी वाढवलं त्याच्याविरुद्ध मी पुण्याला जाऊन साक्ष देऊन आले होते.

ते म्हणाले, "बरोबर सांगितलं. मले काय मालूम नाही?"

"मग केस काढून का घेत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कॉलेजवाल्यांनी सीट देताना चूकच केली. "काढून घेतली त मंग तारखेले जाऊ कोनासंग?"

बाहेर मोटरसायकलचा हॉर्न वाजला. आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "त्या गाढवाले सांग, येतो म्हना. आन दराबा खाल्ला का, ते बी विचार."

मी दारात जाऊन धाकट्या आजोबांना निरोप दिला. गाढव तेवढं गाळलं.