स्टिअरिंगखालचं सॉकेट

इंदापुरात गाडीला काहीही झालं तरी निदान ठरलेलं असतं: सेन्सर गेलाय. चहावाला हेच सांगतो, शेजारी हेच सांगतो, आणि ज्यानं जन्मात सायकलचं पंक्चर काढलं नाही तोही हेच सांगतो. मी उभी हयात कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्यामुळे या मंडळींची मला पहिल्यापासून कीव येते. कीव हा सभ्य शब्द झाला.

आमच्या गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा महिनाभर पेटलेला होता. बायकोला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बारामतीला न्यावं लागतं. तिची वेळ अकराची. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला देतात आणि ही सुजल्या पायांनी तशीच परत येते. त्या दिवशी वाटेत काटेवाडीच्या अलीकडे गाडीचा दमच गेला. उसाचे ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून जाऊ लागले.

रस्त्याकडेच्या एका गॅरेजात गाडी घातली. मिस्तरीकडे गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर होता, पण तो गाडीला जोडायचा कुठं याचा पत्ता नव्हता. त्यानं आधी बॉनेट उघडलं, मग फ्यूजचं झाकण, मग चक्क डिकी. हत्यार आहे, अक्कल नाही. मी खुर्चीत बसून त्याचा वर्ग घेतला. ते सॉकेट स्टिअरिंगच्या आसपास, ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं असतं. सोळा पिनांचं, एका बाजूनं रुंद, दुसऱ्या बाजूनं अरुंद. हे सगळं मी मोबाइलवर व्हिडिओ बघून पाठ केलं होतं. स्वतः वाकून बघितलं नव्हतं, कारण हल्ली माझे गुडघे वाकत नाहीत.

मिस्तरी मुकाट्यानं स्टिअरिंगखाली आडवा झाला. सॉकेट सापडलं, पण स्कॅनर आत जाईना. त्यानं बोट घातलं, ते पिवळंजर्द होऊन बाहेर आलं.

"सर, हितं भंडारा भरलाय."

मी सुटलोच. बायकोकडं वळून म्हणालो, हे सगळे तुझ्या माहेरच्यांचे उद्योग. गाडी दिसली की लागले भंडारा उधळायला. यंत्र कशाशी खातात हे ठाऊक नाही, असल्या अडाण्यांना गाडीजवळ फिरकूच देऊ नये. सव्वादहा झाले होते आणि ती घड्याळाकडं बघत होती.

खरं तर ते पिवळं बोट दिसलं तेव्हाच मला सगळं आठवलं होतं. तरी मी बोलत राहिलो.

मिस्तरीनं चिमट्यानं आत दडपलेली एक फाटकी पुडी ओढून काढली. देवाची वस्तू खाली टाकवेना म्हणून त्यानं ती बायकोच्या हातात दिली. पुडी उत्तरपत्रिकेच्या पानाची होती. त्यावर माझ्या अक्षरात, लाल शाईनं शेरा होता: 'उत्तराला आधार काय?'

हिचं पहिलं डायलिसिस झालं त्याच आठवड्यात मी पेन्शनच्या कामाची थाप मारून जेजुरी गाठली होती. ज्यांना जन्मभर हसलो त्यांच्याच रांगेत तासभर उभा राहिलो. पुडी घरात ठेवली असती तर हिला दिसली असती. म्हणून सीटवर बसल्या बसल्या हाताला लागलं त्या भोकात कोंबली. ते भोक कशाचं आहे हे फिजिक्सच्या मास्तराला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मिस्तरीनं हवा मारून सॉकेट साफ केलं, स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड वाचला, आणि इंजिनाला हवा देणारा टर्बोचा निसटलेला पाइप बसवून दहा मिनिटांत गाडी मोकळी केली. या वेळी मी त्याला काही शिकवलं नाही.

अकराच्या आत बारामतीला पोचलो. हॉस्पिटलच्या दारात उतरण्याआधी तिनं पदराची गाठ सोडली, पुडीतला उरलासुरला भंडारा बोटावर घेतला आणि माझ्या कपाळाला लावला.

"पुढच्या खेपंला एकटं जाऊ नगा," ती म्हणाली. "मलाबी न्या."